रक्ताचा कर्करोग आणि दात्याच्या पेशी

ह्या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी मला विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. शाळाही दहावीच्या अलीकडेच सुटली. कामगार संघटनेचे काम करता करता वाचनालयांतून आणि माणसांकडून जे मिळाले तेवढेच माझे शिक्षण. परंतु कामगारवस्तीत वावरणाऱ्या माणसाला आपले विषय निवडता येत नाहीत; विषय त्याला निवडतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एका फिटरच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. मुलगा अकरा वर्षांचा. पहिल्या औषधांनी त्याला चांगला उतार पडला, तो शाळेतही जाऊ लागला. पण वर्षभराने रोग उलटला. मग बहिणीच्या हाडांतील मगज जुळतो का ते पाहिले, जुळला, तो दिला. ह्या सर्व काळात रक्त आणि प्लेटलेट लागत. मी एका गेटसभेत पगारवाढीचे बोलणे मध्येच थांबवून रक्त देणाऱ्यांनी हात वर करावेत असे सांगितले, तेव्हा जे हात वर झाले त्यांची यादी अजून माझ्या वहीत आहे. दीड वर्षाने रोग पुन्हा आला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, दात्याच्याच पेशी घेऊन त्यांना प्रयोगशाळेत नवे शिक्षण द्यायचे आणि त्या रोग्यावर सोडायच्या, असे काही ठिकाणी चालले आहे. पण ती चाचणी आहे, उपचार नव्हे, आणि ती येथे नाही. मुलगा त्या पावसाळ्यात गेला.

‘चाचणी आहे, उपचार नव्हे’ हे वाक्य माझ्या मनातून जाईना. चाचणी म्हणजे काय, ती कोणावर होते, तिचे फळ कोणाला मिळते, आणि तिच्यासाठी जो आपल्या अंगातले काही देतो त्याची नोंद कोठे राहते, हे शोधत मी मागे मागे गेलो, आणि मला वाटले होते त्यापेक्षा फार जवळ, मुंबईच्या परळात जाऊन पोचलो.

प्रथम रोगाविषयी थोडे. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी ह्या शरीराच्या पहारेकरी होत. त्या हाडांच्या मगजात तयार होतात, काम करतात आणि मरतात. ह्या रोगात त्यांतील एखादी कच्ची पेशी बिघडते. ती पिकत नाही, मरत नाही, नुसती वाढत राहते, आणि मगजात इतकी गर्दी करते की तांबड्या पेशींना व प्लेटलेटना जागा उरत नाही. मग माणूस पांढरा पडतो, ताप येतो, रक्त वाहू लागले की थांबत नाही. १८४५ साली एडिंबरोला बेनेट आणि बर्लिनला व्हिर्शो ह्या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसता, असे रोगी पाहून वर्णन लिहिले. दोन वर्षांनी व्हिर्शोने त्याला ल्युकेमिया, म्हणजे पांढरे रक्त, हे ग्रीक नाव दिले. हा व्हिर्शो मला आवडतो, आणि तो केवळ सूक्ष्मदर्शकामुळे नव्हे. १८४८ साली सरकारने त्याला वरच्या सायलेशियात तापाच्या साथीची चौकशी करायला पाठवले, तेव्हा त्याने औषधांची यादी न देता शिक्षण, स्वातंत्र्य आणि लोकांची सुस्थिती हा उपाय सांगितला. सरकार खूष झाले नसणार! पण ल्युकेमियापुढे त्याच्याही हाती नाव देण्यापलीकडे काही नव्हते. पुढची शंभर वर्षे संखियाचे थेंब आणि नंतर क्षकिरण ह्यांनी काही काळ बरे वाटे, एवढेच.

ह्या रोगावरील खऱ्या औषधाचा इतिहास १९४८ साली बोस्टनमध्ये सुरू होतो असे पुस्तकांत असते. तो वीस वर्षे आधी परळला सुरू होतो असे मी म्हणेन.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. पुण्याच्या श्रोत्यांना प्लेगची आठवण करून द्यायला नको. १८९७ सालच्या जानेवारीत हाफकिनने आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि नंतर तिची चाचणी झाली ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे सांगतात. ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे त्याची स्वेच्छा कशी मोजायची, हा प्रश्न मी नुसता विचारून पुढे जातो. लस उपयोगी पडली आणि तिने असंख्य जीव वाचवले, हेही तितकेच खरे.

ह्याच संस्थेत १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज बाई आली. ती रक्ताची अभ्यासक. मुंबईत गरोदर स्त्रियांना, विशेषतः गिरणगावातल्या आणि गरीब वस्त्यांतल्या बायांना, एक भयंकर पांडुरोग होत असे; तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने फुगलेल्या, आणि बाळंतपणापूर्वी किंवा नंतर बाई दगावायची. त्याचे कारण शोधायला ती आली होती. ते वर्ष कोणते ते लक्षात घ्या. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपाने बंद होत्या. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतील स्त्रियांना प्रसूतिलाभ देण्याचे विधेयक आले, डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली कायदा झाला. गिरणी कामगारांचे नेते, कायदेमंडळातले सभासद आणि प्रयोगशाळेतली ही बाई, तिघेही एकाच बाईच्या अंगाकडे तीन दारांतून पाहत होते. ते एकमेकांना भेटले की नाहीत, हे कोणत्याही पुस्तकात मला दिसले नाही.

विल्सने आधी जंतूंचा संशय तपासला. तो टिकला नाही. मग ती चुलीपाशी गेली. डॉ. तळपदे यांच्याबरोबर तिने मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी करून १९३० साली ती प्रसिद्ध केली. दूध, भाजीपाला, फळे ह्यांचा आहारात दुष्काळ होता. ह्या बायांचे जेवण तिने उंदरांना घातले. उंदीर फिके पडले, तिला आनंद झाला. पण पुढे कळले की त्यांतला काही भाग उवांनी पसरवलेल्या रोगाचा होता! असल्या फजितीच्या गोष्टी शास्त्रज्ञ लिहून ठेवतात, हा त्यांचा मोठा गुण. आम्ही संघटनावाले आमच्या फसलेल्या वाटाघाटींचा असा जमाखर्च ठेवत नाही. नंतर तिने माकडांवर प्रयोग केले. यकृताचा अर्क गुणकारी आहे हे ठाऊक होते, पण तो महाग, गरिबांना परवडण्याजोगा नाही. म्हणून तिने मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला. माकड सुधारले. मग बाया सुधारल्या, आणि काही दिवसांत रक्त चढू लागले. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. यीस्टमधील ते अज्ञात द्रव्य म्हणजेच पुढे ज्याला फोलिक ॲसिड म्हणू लागले ते. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोह आणि फोलिकची लाल गोळी मिळते, तिच्या मागे परळच्या ह्या बाया उभ्या आहेत. त्यांची नावे कोठेही नाहीत.

आता पांडुरोगाचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध काय? तोच ह्या इतिहासातला विलक्षण सांधा आहे. फोलिक ॲसिड अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४५ साली कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील सिडनी फार्बरने त्यांच्याकडून ते द्रव्य आणून ल्युकेमियाच्या मुलांना दिले. मगज सुधारेल ही आशा. पण त्याच्या समजुतीप्रमाणे रोग उलट जोराने वाढला. दुसरा कोणी असता तर त्याने बाटली फेकून दिली असती. फार्बरने विचार केला, जे द्रव्य रोगाला खाऊ घालते त्याचाच खोटा भाऊ दिला तर रोग उपाशी मरेल. सुब्बारावांच्या मंडळींनी तसे खोटे फोलिक, अमिनोप्टेरिन, करून दिले. १९४८ सालच्या जूनमध्ये फार्बरने लिहिले की सोळा मुलांपैकी दहांना उतार पडला. तो काही महिनेच टिकला. परंतु ह्या रोगाला औषधाने मागे रेटता येते हे प्रथमच दिसले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात वापरतात. आमच्या फिटरच्या मुलालाही ते दिले होते. परळच्या बाईच्या रक्तात जे कमी होते तेच बोस्टनच्या मुलाच्या रोगाचे अन्न निघाले.

पुढे एकाऐवजी चार-चार औषधे मिळून देण्याची पद्धत आली आणि मुलांतील बरेच रोगी बरे होऊ लागले. त्याचा तपशील मी गाळतो. आपला विषय आहे जे बरे होत नाहीत, ज्यांचा रोग औषधाला दाद देत नाही त्यांचा.

त्यांच्यासाठी मगज बदलण्याची कल्पना निघाली. रोग्याचा सारा मगज औषधांनी किंवा किरणांनी जाळायचा आणि दुसऱ्याचा चढवायचा. अमेरिकेत डॉनल टॉमसने १९५७ साली असे सहा रोगी प्रसिद्ध केले. सहाही लवकरच दगावले. १९५८ साली युगोस्लाव्हियात अणुभट्टीच्या अपघातात किरणांनी भाजलेल्या शास्त्रज्ञांना पॅरिसला आणले, तेव्हा जॉर्ज माते ह्या डॉक्टरने त्यांना फ्रेंच दात्यांचा मगज दिला. जे मगज द्यायला आले त्यांची ह्या रोग्यांशी ना ओळख ना नाते. ह्याच मातेच्या पुढे ध्यानात आले की दात्याचा मगज नुसती रिकामी जागा भरत नाही, त्यातल्या पहारेकरी पेशी उरलासुरला कर्करोगही मारतात. ह्या उपचाराला त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ मराठीत ‘दत्तक घेतलेली प्रतिकारशक्ती’ असा होतो. नाव मला समर्पक वाटते. दत्तक घर सांभाळतो. कधी घरातल्यांशी भांडतोही. दात्याच्या पेशी रोग्याचे कातडे, आतडे, यकृत परके समजून त्यांवर तुटून पडतात. हे भांडण कित्येकदा रोगापेक्षा घातक ठरते.

भारतातील पहिले असे मगजरोपण परळच्याच टाटा रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. मुलगी नऊ वर्षांची, दाता तिचा भाऊ. ही तारीख वाचली तेव्हा मी क्षणभर पुस्तक मिटले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप तेव्हा चौदा महिन्यांचा झाला होता. रुग्णालयाच्या अवतीभवतीच्या चाळींत भांडी विकली जात होती, माणसे गावी परतत होती. आणि मध्ये त्या एका खोलीत भावाचे रक्त बहिणीत रुजत होते. दोन्ही गोष्टी एकाच परळच्या; एकीचा इतिहास डॉक्टर लिहितात, दुसरीचा आम्ही, आणि कोणी कोणाचा वाचत नाही.

१९९० साली म्यूनिकच्या कोल्बने एक साधी गोष्ट केली. मगजरोपणानंतर ज्यांचा रोग उलटला होता अशा तीन रोग्यांना त्याने त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या. रोग मागे हटला. दात्याच्या पेशींत मारण्याचे सामर्थ्य असते ह्याविषयी आता शंका उरली नाही. प्रश्न राहिला तो त्यांना नेमका शत्रू दाखवण्याचा.

येथे कारखान्याचा दाखला दिला तर समजायला सोपे जाईल. टी-पेशी हा गेटवरचा वॉचमन समजा. तो प्रत्येकाच्या छातीवरचा बिल्ला पाहतो. परका बिल्ला दिसला की पकडतो. कर्करोगाची पेशी आपल्याच कारखान्यातली, तिच्यावर आपलाच बिल्ला, म्हणून वॉचमन तिला सोडतो. १९८९ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार आणि गिडियन ग्रॉस यांनी वॉचमनला नवे डोळे बसवण्याची युक्ती काढली. एक कृत्रिम जनुक टी-पेशीत घातले की तिच्या अंगावर एक नवा आकडा उगवतो आणि तो ठरावीक बिल्ल्यालाच अडकतो. ह्या आकड्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून अशा पेशींना ‘कार-टी’ म्हणतात. बी जातीच्या पांढऱ्या पेशींवर सीडी-१९ नावाचा बिल्ला असतो, तो लक्ष्य म्हणून निवडला. त्यात निरोगी बी पेशीही मरतात, पण त्यांवाचून माणूस औषधांच्या आधाराने जगू शकतो. जनुक पेशीत नेण्याचे काम विषाणूकडून करून घेतात, तोही एड्सच्या विषाणूच्या कुळातला, विषारी दात काढलेला.

पेन्सिल्व्हेनियात कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० पासून हे रोग्यांना देऊन पाहिले. २०१२ साली प्रथमच एका लहान मुलीला ते दिले, तेव्हा नव्या पहारेकऱ्यांनी असा दंगा केला की तापाने आणि रक्तदाब उतरून ती मरणाच्या दारी गेली. संधिवातावरचे एक औषध ह्या दंग्याला आवर घालील हे जून यांना सुचले, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला तो विकार होता. औषध दिले, मुलगी वाचली. पुढे अमेरिकेत ३० ऑगस्ट २०१७ रोजी ह्या उपचाराला मान्यता मिळाली आणि त्याची किंमत ठरली ४ लाख ७५ हजार डॉलर. त्या वेळच्या भावाने तीन कोटी रुपये.

तीन कोटी हा आकडा ऐकला की आपल्याकडचा माणूस तो विषयच सोडून देतो. मुंबईच्या काही मंडळींनी सोडला नाही. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार आणि टाटा केंद्रातील हसमुख जैन, गौरव नरुला इत्यादी डॉक्टर यांनी देशी कार-टी तयार केली. त्यासाठी सरकारी आणि टाटा विश्वस्तांचा पैसा आला. ४ जून २०२१ रोजी टाटा केंद्रात ती प्रथम एका रोग्याला दिली. कोविडची दुसरी लाट नुकती ओसरत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी ‘नेक्सकार-१९’ ह्या नावाने तिला परवानगी दिली, आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला तिचे लोकार्पण केले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या अहवालात चौसष्ट रोग्यांची हकीकत आहे. ज्यांचा गुण तपासता आला त्यांतील शेकडा त्र्याहत्तरांना उतार पडला होता. हे सगळे रोगी असे, की ज्यांच्यावर इतर औषधे थकली होती. सुरुवातीची किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात सांगितली गेली. म्हणजे परदेशाच्या मानाने आठवा-दहावा हिस्सा.

परंतु ही पद्धत रोग्याच्या स्वतःच्या पेशींवर चालते, आणि तेथेच तिचे कोडे आहे. वारंवार औषधे घेऊन ज्याचे रक्त रोडावले त्याच्या अंगात चांगल्या टी-पेशी उरलेल्याच नसतात. पेशी काढून, तयार करून परत देईपर्यंत काही आठवडे जातात. रोग थांबत नाही. आणि कर्करोग जर टी-पेशींचाच असेल तर चोर आणि पहारेकरी एकाच पिशवीत येतात. ह्या लोकांसाठी दात्याकडे जावे लागते.

त्याची पहिली पायरी अशी, की ज्या भावाबहिणीचा मगज आधीच रोग्यात रुजला आहे त्याच्याच टी-पेशी घेऊन त्यांना आकडा बसवायचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१३ साली असे दहा आणि २०१६ पर्यंत वीस रोगी प्रसिद्ध केले. विसांपैकी आठांना उतार पडला, आणि ज्याची सर्वांना धास्ती होती ते दत्तकाचे भांडण नव्याने फारसे पेटले नाही. पेइचिंगमध्ये २०२१ साली टी-पेशींच्या ल्युकेमियाचे वीस रोगी अशाच दात्याच्या पेशींनी उपचारले. अठरांना पूर्ण उतार पडला, भांडण मात्र अनेकांत, सौम्य प्रमाणात, झाले. ही बातमी वाचली तेव्हा मला फिटरच्या मुलाची बहीण आठवली. तिच्या पेशी जुळलेल्या होत्या.

दुसरी पायरी अधिक धाडसाची. ज्याचे काही जुळत नाही अशा परक्या निरोगी माणसाच्या पेशी घ्यायच्या, त्यांत जनुकांची कापाकापी करायची, आणि त्या गोठवून साठवायच्या. ज्याला लागतील त्याला फडताळातून काढून द्यायच्या. दुसऱ्या कारखान्याचा वॉचमन येथे आणला तर तो येथल्या सगळ्यांना चोर समजेल, म्हणून त्याचे जुने डोळे काढायचे आणि नवे तेवढे ठेवायचे. येथली माणसे त्याला हाकलतील, म्हणून त्यांना औषधाने गुंगवायचे, आणि त्या औषधाचा त्याच्यावर परिणाम होऊ नये असाही एक फेरफार करायचा. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २०१५ साली एका वर्षाच्या मुलीला अशा पेशी दिल्या. दुसरा कोणताही उपाय उरलेला नव्हता, आणि त्या पेशी तोपर्यंत माणसावर वापरल्या नव्हत्या. तिचा रोग हटला आणि नंतर मगजरोपण करता आले.

टी-पेशींच्या कर्करोगात आणखी एक पेच होता. चोरावर जो सीडी-७ बिल्ला तोच पहारेकऱ्यांवर, त्यामुळे तयार केलेल्या पेशी एकमेकींनाच मारत. मे २०२२ मध्ये त्याच रुग्णालयात तेरा वर्षांच्या मुलीला ज्या पेशी दिल्या त्यांच्या अंगावरून हा बिल्ला आधीच काढला होता, आणि तोही जनुकाची तार न तोडता तिच्यातले एकेक अक्षर बदलून. अठ्ठावीस दिवसांत रोग दिसेनासा झाला. २०२३ साली तीन मुलांचा अहवाल आला. तिघांतले एक मूल बुरशीच्या संसर्गाने दगावले. त्या मुलाची हकीकतही इतर दोघांइतक्याच तपशिलाने छापली आहे.

आता चाचणीच्या शब्दाकडे येतो. आमच्यातले पुष्कळ लोक म्हणतात, डॉक्टर गरिबांवर प्रयोग करतात. भायखळ्याच्या तुरुंगाचा इतिहास आठवला की ह्या संशयाला मी मूर्खपणा म्हणणार नाही. तथापि फिटरच्या घरी बसून मी जे पाहिले ते वेगळे होते. त्या आईबापांना चाचणीची भीती नव्हती. चाचणी आपल्यापर्यंत पोचत नाही ह्याचे दुःख होते. चाचणीच्या पहिल्या टप्प्याचा हेतू हा रोगी बरा करण्याचा नसून मात्रा किती सोसवते ते पाहण्याचा असतो, हे किती नातेवाइकांना कोणी बसून, मराठीत, घाई न करता सांगते? करारावर सही घेण्यापूर्वी कामगाराला प्रत्येक कलम वाचून दाखवावे म्हणून आम्ही भांडतो. संमतिपत्रालाही तोच नियम हवा असे माझे मत आहे.

राहिला पैसा. ल्युकेमियाच्या एका जातीवर २००१ साली ग्लिव्हेक नावाची गोळी आली. कंपनीचा भाव महिन्याला एक लाख वीस हजारांच्या आसपास, देशी कारखान्यांचा आठ-दहा हजार. पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी कंपनी हरली. पण गोळीची नक्कल करता येते, जिवंत पेशीची तशी करता येत नाही. न्यायालयाचा निकाल येथे अर्धेच काम करील, उरलेले अर्धे आपल्या देशात आपल्या लोकांनी पेशी तयार करण्याचे आहे. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनसाठी सरकारी कारखाना उभारला गेला तो ह्याच विचाराने. त्याचे पुढे काय झाले ते येथील कामगारांना मी सांगावे असे नाही. देशी कार-टी तीस लाखांची झाली तरी फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा २०२३ साली वाढवली तेव्हाही पाच लाखांवरच आली. कामगार विम्याची पगारमर्यादा २०१७ साली एकवीस हजार ठरली, आणि ज्याचा पगार त्याहून चार पैसे जास्त तो तिच्या बाहेर पडला.

फडताळातल्या पेशी ह्याच कारणाने महत्त्वाच्या आहेत. एका दात्याच्या पेशींतून अनेक रोग्यांच्या मात्रा होऊ शकतात, आणि एकेका माणसासाठी स्वतंत्र शिवलेल्या कपड्यापेक्षा ठाण भरून विणलेले कापड स्वस्त पडते, हे गिरणीवाल्यांना शिकवायला नको. म्हणून दाता कोण आणि त्याला काय मिळते ह्याचा विचार आधी झाला पाहिजे. त्याला पैसे द्यावेत असे मी म्हणत नाही. विकत घेतलेल्या रक्ताचा इतिहास चांगला नाही. पण टी-पेशी काढून घ्यायला तीन-चार तास यंत्राला जोडून बसावे लागते, जाणेयेणे धरून दिवस जातो. केंद्र सरकारच्या नोकराला रक्तदानासाठी खास रजा आहे, अवयवदानासाठी २०२३ पासून बेचाळीस दिवसांपर्यंत आहे. कारखान्यातल्या माणसाचे काय?

त्या गेटसभेत हात वर केलेल्यांपैकी एक तरुण कंत्राटी कामगार होता. त्याने दोनदा प्लेटलेट दिल्या, दोन्ही दिवस पाळी चुकली, आणि दोन्ही दिवसांचा पगार कापला गेला. मी त्याच्या वतीने मॅनेजरकडे गेलो. ते सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, दान ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, कंपनी त्यात कशी पडणार? तो मुलगा मला बाहेर येऊन म्हणाला, जाऊ द्या दादा, दोन दिवसांचाच प्रश्न आहे. मी जाऊ दिले नाही. त्यानंतरच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले: रक्त, प्लेटलेट, मगज किंवा पेशी देणाऱ्या कामगारास, कायम असो वा कंत्राटी, त्या दिवसाची भरपगारी रजा. दोन कारखान्यांत ते मान्य झाले, कायम कामगारांपुरते. ‘वा कंत्राटी’ हे दोन शब्द दोन्ही ठिकाणी शेवटच्या बैठकीत खोडले गेले. तिसऱ्या कारखान्याचा करार यंदा संपतो आहे, आणि मसुद्यात ते शब्द मी पुन्हा लिहिले आहेत.